माथ्याच्या दोन हात खाली

गुरुवार

इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनहून वेमथची गाडी सुटली तेव्हा माझ्या पायांत क्लाइंबिंगचे बूट होते. भाच्याने घेऊन दिलेले, मुद्दाम एक नंबर कमी. आत बोटं मूठ वळल्यासारखी दुमडलेली. "दीड तासाचा प्रवास आहे मामा, तेवढ्यात सैल होतील," असं त्याचं म्हणणं. बूट सैल झाले नाहीत. बोर्नमथ येईपर्यंत माझ्याच चेहऱ्याकडे बघून समोरच्या आजीबाईंनी पिशवीतली गोळी पुढे केली.

मी त्रेपन्न वर्षांचा. विशीत मुंब्र्याच्या कातळावर चढायला शिकलो, पुढे जीवधनच्या शेजारच्या खडा पारशी सुळक्यावर सेकंड म्हणून, म्हणजे पुढच्याच्या मागून दोरावर, जाऊन आलो, आणि पस्तिशीला उजव्या गुडघ्याने राजीनामा दिला. भाचाही डोंबिवलीचाच, पण तो चढायला शिकला इथे येऊन, छपराखालच्या भिंतीवर, रंगीबेरंगी प्लास्टिकच्या होल्डना धरून. आग्या मोहोळ म्हणजे काय हे त्याला फक्त माझ्या गोष्टींतून ठाऊक आहे. मी तीन आठवडे ताईच्या लेकाकडे राहायला येणार म्हटल्यावर त्याने लंडन वगैरे दाखवायचा विचारही केला नाही. "आपण पोर्टलंडला जाऊ. समुद्राकाठी चुनखडक आहे. छोटा आहे, तुला झेपेल."

"तुला झेपेल" हे मी मनात लिहून ठेवलं.

वेमथहून बस धरली. पोर्टलंड हे बेट म्हणावं तर जमिनीला चिकटलेलं, नाही म्हणावं तर तिन्ही बाजूंनी समुद्र. रस्ता जातो तेव्हा डाव्या हाताला शांत बंदर (२०१२च्या ऑलिम्पिकची शिडांची शर्यत याच पाण्यात झाली), आणि उजव्या हाताला गोट्यांचा भलामोठा बांध. हाच चेझिल बीच, सुमारे २९ किलोमीटर लांब. यातली गंमत अशी की पश्चिमेच्या टोकाला गोटे वाटाण्याएवढे असतात आणि पोर्टलंडकडे येता येता वाढत बटाट्याएवढे होतात. जुने कोळी रात्रीच्या अंधारात किनाऱ्याला लागले की मूठभर गोटे चाचपून आपण कुठे आलो ते ओळखत, असं सांगतात. मी एक खिशात टाकायला गेलो, तर भाच्याने पाटी दाखवली. न्यायला बंदी. ठेवून दिला.

संध्याकाळी खोलीत सामान मांडलं. माझ्या वेळी सामान मांडायचं म्हणजे पिटॉन (कातळात ठोकायच्या मेखा), हातोडा, दोरीचे वेटोळे, स्लिंगची, म्हणजे जाड पट्ट्याची, बांधलेली सीट. त्याच्या पिशवीतून निघाले बारा क्विकड्रॉ (रोप बोल्टला अडकवायच्या कड्यांच्या जोड्या), एक साठ मीटरचा निळा रोप आणि उघडझाप होणारी लांब काठी. टोकाला चिमटा. तिने कातळात कायमच्या बसवलेल्या पहिल्या बोल्टमध्ये खालूनच रोप अडकवायचा म्हणे. आमच्या रत्नागिरीच्या काकांकडे आंबे काढायचा झेला आहे, त्याची ही श्रीमंत बहीण. मी हसलो. भाचा हसला नाही.

शुक्रवार

सकाळी ईस्टन गावातून चालत निघालो. वेकम नावाची रुंद रस्त्याची वस्ती, शेवटी छोटं म्युझियम, आणि तिथून रूफस कॅसलच्या कमानीखालून समुद्राकडे उतरणारी वाट. कॅसल म्हणजे एक पडका बुरूजच. सह्याद्रीतल्या माणसाला असल्या गोष्टीला किल्ला म्हणताना जीभ अडखळते, पण बुरूज कड्याच्या अगदी टोकावर असा उभा आहे की मान वर करून बघावंच लागतं. खाली चर्च ओप कोव्ह, गोट्यांचा छोटा किनारा. तिथून जुन्या रेल्वेच्या मार्गाने 'द कटिंग्ज' नावाच्या कड्याकडे. या बेटावर ईस्टनपर्यंत खरोखरची रेल्वे होती. माणसांची वाहतूक १९५२ला बंद पडली, मालगाड्या १९६५पर्यंत चालल्या. आता रुळांच्या जागी झुडपं आणि काळ्या बेरीच्या काटेरी वेली आहेत.

कडा दिसला आणि मला हसू आवरेना. बारा मीटर. फार तर काही ठिकाणी पंधरा. आमच्या कॉलनीची पाण्याची टाकी याहून उंच आहे.

"आधी चढ, मग हस," भाचा म्हणाला.

रंग फिकट, उन्हात जवळजवळ पांढरा. बसाल्टची सवय असलेल्या डोळ्याला ही भिंत अपुरी छापल्यासारखी दिसते. काळ्या कातळात खाच म्हणजे सावली. इथे सावलीच पडत नाही. भाच्याने झेल्याने पहिला बोल्ट क्लिप केला, रोप खाली सोडला, पडताना दोर रोखणाऱ्या ग्रिग्रीत अडकवला आणि माझी गाठ तपासायला आला. मीही त्याची तपासली. ही सवय दोघांनाही सारखीच लागलेली, हे बघून मला बरं वाटलं.

पहिली चार पावलं ठीक गेली. मग मी माझ्या पद्धतीने वर हात टाकला. बसाल्टवर शिकलेला हात आडव्या कडेची वाट बघतो: थरांच्या खोबणी, धारदार कंगोरे, बोटं अडकवून अंगाचं वजन टांगायचं. इथे वर कड नव्हतीच. होतं ते सगळं उभं, तिरकं, नाहीतर खिशासारखं आत गेलेलं. हात गुळगुळीत दगडावरून घसरत खाली आला. हा मार्ग सोपा, म्हणून सगळे इथेच शिकतात, म्हणून पायाच्या जागा देवळाच्या उंबरठ्यासारख्या झिजल्या आहेत. मी पाय थरथरत उभा. मुंब्र्याला याला आम्ही शिलाई मशीन म्हणायचो.

"टाइट!" मी ओरडलो.

"मामा, तू दुसऱ्याच बोल्टपाशी आहेस."

"तरी टाइट!"

शेजारच्या मार्गावर एक जोडपं चढत होतं. बाई सत्तरीच्या असतील, पांढरे केस, लोकरी टोपी. त्या माझ्या डोळ्यांदेखत ज्या शांतपणे वर गेल्या ते बघून मी दोरीवर लटकता लटकता हिशेब करायला लागलो. त्या हात शोधतच नव्हत्या. आधी पाय बघायच्या, मग कंबर भिंतीला चिकटवून एका बाजूला वळवायच्या, मग हात सहज जिथे पोचेल तिथे ठेवायच्या. ओढणं नाहीच. खाली आल्यावर त्या मला एवढंच म्हणाल्या की हातांना जरा सुट्टी द्या. भाच्याने भाषांतर केलं, जरी मला इंग्रजी समजतं.

दुपारपर्यंत चार मार्ग झाले. मार्ग किती अवघड त्याच्या ग्रेड भाचा सांगत होता, फ्रेंच पद्धतीच्या, ४, ५, एक ५ अधिक. मला आकड्यांत रस नव्हता. मला रस होता तो शेवटच्या दोन मीटरमध्ये, आणि तिथेच आमचं पहिलं भांडण झालं.

चौथ्या मार्गाच्या शेवटी दोन स्टीलच्या कड्या आहेत, दगडात भोक पाडून रेझिनने चिकटवलेल्या. त्यांना लोअर-ऑफ म्हणतात; रोप त्यांतून घालून खाली उतरायचं. त्यांच्या वर अजून दोन हात कातळ, मग गवत, मग आकाश. मी कड्यांपाशी पोचलो आणि साहजिकच वर बघितलं.

"वर जाऊ नकोस!" खालून आवाज.

"अरे, दोन हात राहिलाय!"

"वरचं सगळं सुटं आहे मामा. कड्यांपाशीच थांबायचं. इथे माथ्यावर जात नाहीत."

माथ्यावर जात नाहीत! तीस वर्षांत हे वाक्य मी ऐकलं नव्हतं. आपल्याकडे सुळक्यावर चढायचं ते कशासाठी? वर बसायचं, पाणी प्यायचं, जोरात ओरडायचं, खाली दिसणाऱ्या गावाचं नाव ओळखायचं. इथे मात्र रस्ता कुठे संपतो ते स्टीलच्या दोन कड्या ठरवतात. मी हात वर केला आणि कडेच्या दगडाला नुसती टिचकी मारली. तळहाताएवढा तुकडा सुटून माझ्या खांद्याजवळून गेला आणि खाली झुडपात धप्प झाला. आमच्याकडचा घसारा निदान घसाऱ्यासारखा दिसतो. हा माथा नीटनेटका गवत पांघरून बसला होता.

मग मी मुकाट्याने शिकलो. कमरेची स्लिंग कडीत क्लिप करायची, म्हणजे सेल्फ. तिच्यावर बसून बघायचं, धरतेय ना. मग हार्नेसजवळचा (कमरेच्या पट्ट्याजवळचा) रोप हातभर ओढून त्याचा दुहेरी लूप दोन्ही कड्यांतून आरपार घालायचा, त्या लूपला एट नॉट, म्हणजे आठच्या आकड्याची गाठ, मारायची, ती लॉक कॅरॅबिनरने (स्क्रूने बंद होणाऱ्या कडीने) हार्नेसला अडकवायची, स्क्रू बंद. दोनदा बघायचं. त्यानंतरच मूळ गाठ सोडायची आणि तिचं शेपूट कड्यांतून ओढून घ्यायचं. "टेक!" खालून ताण येतो. तेव्हा सेल्फ काढायचा. या सगळ्या वेळात रोप एकदाही पूर्ण सुटत नाही. सुटला आणि हातातून गेला तर तुम्ही बारा मीटरवर स्लिंगला लटकलेले आणि रोप खाली भाच्याच्या पायाशी. मला हे सात मिनिटं लागली. भाच्याला चाळीस सेकंद. पण बारा मीटर म्हणून हसलो होतो ते मी मागे घेतलं.

भिंतीवर छोटे सरडे ऊन खात होते, बोटभर, हिरवट. हे इथले मूळचे नव्हेत, कुणीतरी आणून सोडले आणि ते रुजले. भाचा त्यांच्याकडे बघून "माझे गाववाले" म्हणाला.

शनिवार

पाऊस. आडवा, खारट, छत्री उलटी करणारा. सकाळी खोलीत पोहे, लोणच्याची बाटली, भाच्याचे सहकाऱ्यांबद्दलचे किस्से. घरमालकीण बाईंनी चहा आणला, तर मी बोलता बोलता काल संध्याकाळी गवतात ससा दिसल्याचं इंग्रजीत सांगून टाकलं. बाईंचा चेहरा बदलला. रागावल्या नाहीत, पण कप ठेवून त्यांनी बोट हलवलं. त्या गेल्यावर भाच्याने कपाळाला हात लावला. पोर्टलंडवर तो शब्द उच्चारायचा नाही. इथल्या खाणींत दरड कोसळायच्या आधी ते प्राणी बिळातून पळताना दिसत, म्हणून दोष त्यांच्यावर आला. असा प्राणी दिसला की कामगार त्या दिवशी काम थांबवत. जुनी माणसं "लांब कानवाला" म्हणतात, नाहीतर "जमिनीखालचं मटण".

मला यात काही विचित्र वाटेना. आमच्या आजोळी रात्री कंदील लावल्यावर सापाला साप म्हणायची कुणाची टाप नव्हती. जनावर म्हणायचं, नाहीतर लांबडं. मी भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग तू तरी लक्षात ठेवायचंस ना."

पाऊस कमी झाल्यावर टाउट क्वॉरीत गेलो. सोडून दिलेली खाण आहे, आता तिच्यात शिल्पं. कातळात खोल कोरलेला एक माणूस आहे, डोकं खाली, पाय वर, पडताना थिजलेला. अँटनी गॉर्मलीचं काम. उद्या लीड करायची, म्हणजे सगळ्यांत पुढे चढत बोल्टमध्ये रोप अडकवत जायचं असताना हे बघायला नको होतं.

पण मी अडकलो ते शिल्पांपाशी नाही, एका फेकलेल्या ठोकळ्यापाशी. वरच्या थराचा दगड, ज्याला इथे रोच म्हणतात. पूर्ण छिद्रांनी भरलेला, वाळलेल्या भाकरीसारखा, आणि छिद्रांत दगडाचेच स्क्रू. अक्षरशः स्क्रू, आटे पडलेले, बोटाच्या पेराएवढे. शंख होते ते. शंखाचं कवच विरघळून गेलं, आत शिरलेल्या चिखलाचा साचा तेवढा उरला. खाणकामगारांनी नाव ठेवलं पोर्टलंड स्क्रू. हा कातळ सुमारे साडेचौदा कोटी वर्षांचा. आपला सह्याद्रीचा बसाल्ट साडेसहा कोटींच्या आसपास. म्हणजे माझा डोंगर या ठोकळ्यापुढे निम्म्याहूनही कमी वयाचा. तिकडे आगीतून ओतलेला, इकडे समुद्राच्या तळाशी शिंपल्या साचून झालेला. काल हात का घसरला ते मला इथे बसून पटलं: बसाल्ट निवताना तडकतो, त्याला कडा येतात, हा पाण्यात विरघळतो, याला खिसे पडतात. हे शाळेतल्या भूगोलात होतं. बोटांना माहीत नव्हतं.

बेटभर घरांच्या कुंपणात स्कूटरच्या चाकाएवढे अ‍ॅमोनाइट (दगड झालेले वेटोळ्या शंखांचे जीवाश्म) बसवलेले दिसतात. आपण दारात तुळस लावतो तसे.

परतताना भाचा फोनवर वाचत होता: लंडनचं सेंट पॉल्स याच दगडाचं, व्हाइटहॉलमधलं युद्धस्मारक याचंच. "आणि मामा, हे ऐक. मुंबईचा फ्लोरा फाउंटन. १८६४. पोर्टलंड स्टोन."

मी रस्त्यातच थांबलो. माझे वडील फोर्टात नोकरीला होते. पगाराच्या दिवशी ते मला हुतात्मा चौकात घेऊन जायचे, फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून मी एक निवडायचो, आणि ते पुस्तक घेऊन आम्ही त्या कारंज्याकडे तोंड करून बस यायची वाट बघायचो. तेव्हा ते पांढऱ्या ऑइलपेंटने रंगवलेलं होतं, मिठाईच्या दुकानातल्या शोभेसारखं. रंगाचे थर अलीकडे जीर्णोद्धारात उतरवले. मी कित्येक वर्षं समजत होतो की ते सिमेंटचं आहे! सुएझ कालवा उघडला १८६९ला, म्हणजे तो दगड या बेटावरून निघून शिडाच्या जहाजाने आफ्रिकेला वळसा घालून आला असणार. मी तोच प्रवास उलट दिशेने साडेनऊ तासांत करून इथे त्याच्या भावंडांवर लटकत होतो.

"मामा, पुन्हा पाऊस येतोय," भाचा म्हणाला.

रविवार

ऊन. पश्चिमेच्या ब्लॅकनॉरला दुपारनंतर ऊन येतं, म्हणून सकाळ झोपण्यात घालवली. वसंतात काही कड्यांवर पक्ष्यांच्या विणीसाठी चढाईला बंदी असते, सप्टेंबरात तो प्रश्न नव्हता. हा खरा कडा. खाली लाटा, मोठाले ठोकळे, वर उभी भिंत, आणि पायथ्याशी जायची वाट अशी की उतरतानाच बूट बदलावेसे वाटतात.

आणि इथे ते पडदे. भिंतीवर मेण ओघळून थिजावं तसे, गुळगुळीत, केशरी-पांढरे. चुना विरघळलेलं पाणी कातळाच्या उभ्या भेगांमधून झिरपत राहिलं, भेगेच्या आतल्या बाजूवर चुन्याची पुटं चढली, आणि पुढे बाहेरचा ठोकळा कोसळून समुद्रात गेला. म्हणजे आपण चढतो ती गुहेची आतली भिंत, उघड्यावर आलेली. त्यावर अंगठा आणि बोटांच्या मध्ये चुन्याच्या घड्या चिमटीत धरायच्या. नऊवारीच्या निऱ्या धरतात तशा, असं मी म्हणालो. भाचा म्हणाला की त्याला ते कळण्यासारखं नाही.

मी लीड करणार हे आधीच ठरलं होतं. मार्ग ५ अधिक, नऊ बोल्ट. पहिले चार नीट गेले. पाय, कंबर, मग हात. मी त्या सत्तरीच्या बाईंची नक्कल करत होतो आणि ती जमत होती. पाचव्याच्या थोडं वर उजवा गुडघा वाकवून उंच पाय टाकायचा होता. गुडघ्याने बैठक घेतली. रोप क्लिप करायला हातभर ओढला, दातांत धरला, क्विकड्रॉचं तोंड सापडेना, चॉकची पूड संपलेली बोटं निरीवरून सरकली.

मुंब्र्यात मला शिकवलं होतं: लीडरने पडायचं नाही. ठोकलेल्या पिटॉनवर कुणाचा विश्वास? पडलास तर मेख निघेल, खालची निघेल, मग सेकंड. तीस वर्षं ते अंगात मुरलेलं. त्यामुळे मी हात सुटल्यावरही हवेत काहीतरी धरायचा प्रयत्न करत होतो, आणि तोवर पडून झालं होतं. साडेतीन मीटर असेल. दोरीने मऊपणे झेललं; भाचा मुद्दाम अर्धा पाऊल उडी मारून वर आला होता, धक्का बसू नये म्हणून. मी दगडाकडे तोंड करून लोंबत राहिलो. समुद्र तोच, लाटा त्याच.

"ठीक?"

"ढील दे."

"काय?"

"खाली सोड म्हणतोय, ढील दे!"

"तो शब्द पतंगाचा ना?"

मग खाली नाही उतरलो. पाच मिनिटं लटकून श्वास घेतला आणि पुन्हा त्या घडीला हात लावला. यावेळी पाय उंच टाकलाच नाही. गुडघा वळवून आत घातला, टाच बाहेर, अर्ध्या उंचीची एक वाईट, ओली, बोटभर जागा होती तिच्यावर उभा राहिलो. सहावा. सातवा. शेवटी दोन कड्या.

सेल्फ. लूप. गाठ. स्क्रू. दोनदा बघितलं. मग मान मागे टाकली. कड्यांच्या वर दोन हात कातळ, वाऱ्याने आडवं झालेलं गवत, कडेवर एक समुद्रपक्षी बसून माझ्याकडे एका डोळ्याने बघत होता. माथा त्याचा. "टेक!"

सोमवार

बस वेळेवर आली नाही, त्यामुळे गाडी चुकली, त्यामुळे वेमथला किनाऱ्यावर बसून फिश अँड चिप्स. भाच्याने व्हिनेगर ओतलं, मी पुडीतली शेंगदाण्याची चटणी. हाताच्या बोटांची सालं निघाली होती, मीठ झोंबत होतं. त्याने विचारलं, डिसेंबरात घरी आल्यावर खडा पारशीला जाऊ का. मी म्हटलं, जाऊ, पण पहाटे, आणि वर मोहोळं कुठे आहेत ते आधी गावात विचारून. तो म्हणाला, "वर म्हणजे माथ्यावर?" मी म्हटलं, हो, अगदी बसायला.

मुंबई, दोन आठवड्यांनी

सीएसएमटीला उतरलो आणि मुद्दाम हुतात्मा चौकात गेलो. स्मारकाच्या मशालवाल्या जोडीला नमस्कार केला आणि कारंज्यापाशी आलो. कुंपणाबाहेरून जेवढं दिसतं तेवढं डोळे बारीक करून बघितलं: दगडात शिंपल्यांच्या बारीक चकत्या आहेत का, कुठे स्क्रू दिसतोय का. मागून टॅक्सीवाला हॉर्न देत होता. एक फोटो काढला आणि भाच्याला पाठवला.

तिकडे सकाळ असणार. दोन मिनिटांत उत्तर आलं: "डाव्या कोपऱ्यावरून सुरुवात. मग पुतळ्याच्या खांद्यावर पाय. ५ अधिक. लोअर-ऑफ कुठे लावायचा?"

मी कळवलं, लावायचा नाही. वर फ्लोरा बसायला देईल.